मशीन विकू नका, खुराक आवरा

पत्र :

ताई, नमस्कार. वय ४६, उंची पाच फूट सात इंच, वजन ९६ किलो. घर मंगळवार पेठेत, दुकान लक्ष्मीपुरीत. दिवसभर गल्ल्यावर बसून असतो, गिऱ्हाइकाबरोबर पाच-सहा चहा होतातच. पंचविशीपर्यंत तालमीत जात होतो, मग दुकान अंगावर आलं आणि तालीम सुटली. पावसाळ्यात रंकाळ्याची फेरी बंद पडते म्हणून जूनमध्ये आठ हजारांचं रोइंग मशीन ऑनलाइन मागवलं. दोन्ही बाजूंना एकेक पिस्टन असलेलं आहे. दोन महिने झाले, आठवड्यातले सहा दिवस पहाटे पाचला उठल्या उठल्या पंचवीस मिनिटं करतो. नॉब बारावर, म्हणजे सगळ्यात जड. स्क्रीनवर रोज चारशेच्या वर कॅलरी दिसतात. व्यायाम सुरू केला म्हणून खुराकही सुरू केली : सकाळी दहा बदाम आणि ग्लासभर म्हशीचं दूध, संध्याकाळी गंगावेशीत दूध कट्ट्यावर एक ग्लास धारोष्ण. तरी वजन किलोभर उतरून पुन्हा होतं तिथंच आलं. वर कंबर धरायला लागली आहे. मुलगा म्हणतो, स्वस्तातलं घेतलंस म्हणून असं झालं, जिम लाव. सौ. म्हणते, भंगारात घाला. विकून टाकू का? आणि ठेवलं तर सौ.ला चालेल का? तिचे गुडघे दुखतात.
— एक दुकानदार, कोल्हापूर

उत्तर :

दादा, मशीन विकू नका. दोन महिने पहाटे पाचला उठून आठवड्यातले सहा दिवस घाम गाळणारी माणसं फार नसतात. तुमची चिकाटी खरी आहे आणि तुमचं आठ हजारांचं मशीनही कामाचं आहे. वजन अडलंय ते दुधाच्या ग्लासात, आणि कंबर धरलीय ती पहाटेच्या घाईनं आणि बारा नंबरच्या नॉबनं. दोन्हींना उपाय आहे, आणि त्यासाठी खिशात हात घालावा लागणार नाही.

आधी स्क्रीनवरच्या चारशे कॅलरींचं बघू. आज घरी गेल्यावर एक प्रयोग करा. दोन्ही नॉब सगळ्यात हलके करा, सीट जागची हलवू नका, पाय सरळच ठेवा आणि नुसते हात पुढं-मागं भराभरा हलवा. घाम येणार नाही, दम लागणार नाही, पण स्क्रीनवरच्या कॅलरी पळत सुटतील. या दरातल्या मशीनचा मीटर साधारणपणे फक्त किती वेळा ओढलं ते मोजतो आणि प्रत्येक ओढीमागे ठरलेला आकडा वाढवत नेतो. तुमचं वजन ९६ की ५६, नॉब एकवर की बारावर, पाय लावले की नाही, यातलं त्याला काहीच कळत नाही. तेव्हा वेळ आणि ओढींची संख्या यांपुरतं त्याचं ऐका. कॅलरीच्या आकड्यावर एक कागद चिकटवून टाका.

मग खरा खर्च किती? मध्यम जोरात रोइंग केलं तर शरीर बसून असताना लागते त्याच्या पावणेपाच पट ऊर्जा खर्च करतं, असा हिशेब व्यायामशास्त्रात धरतात. ९६ किलोच्या माणसाला पंचवीस मिनिटांत साधारण १९० कॅलरी होतात. त्यातल्या चाळीसेक नुसतं खुर्चीत बसूनही गेल्याच असत्या. म्हणजे मशीनची निव्वळ कमाई रोजची दीडशे, आठवड्याची नऊशे. एक किलो चरबीत सुमारे ७,७०० कॅलरी असतात. म्हणजे खाणं होतं तेवढंच राहिलं असतं, तर दोन महिन्यांत किलोभर उतरायला हवं होतं.

आता दुसऱ्या बाजूची वही उघडा. म्हशीच्या दुधाचा पाव लिटरचा ग्लास अडीचशे कॅलरींच्या आत येत नाही, साय घट्ट असेल तर त्याहून जास्तच. दोन ग्लासांचे पाचशे, दहा बदामांचे सत्तर. मशीनवर दीडशे घालवायचे आणि वर पावणेसहाशे घ्यायचे, असा हा व्यवहार चालला आहे. तरीही तुमचं वजन वाढलं नाही. त्यात मशीनचाही वाटा आहे, दोन महिने खुराकीचा चौथाईभर भार त्यानं पेलला आहे. त्याला भंगारात घालणं हा अन्याय होईल.

मला कळतं की ही खुराक सोडा म्हणणं कोल्हापुरात जड जातं. अंगात तालीम भिनलेली असली की व्यायाम म्हटल्यावर हात आपोआप दुधाच्या ग्लासाकडं जातो, आणि त्यात चूक काही नाही. पण ती खुराक कुणासाठी होती ते आठवा. भल्या पहाटे आखाडा उकरायचा, जोर मारायचे, शेकड्यानं बैठका काढायच्या, मग जोडीबरोबर लढत करायची, संध्याकाळी पुन्हा मेहनत करायची आणि मधल्या वेळेत झोप काढायची, असा दिवस असणाऱ्या विशीतल्या पोराला लिटर-दोन लिटर दूध सहज पचतं. तुमचा दिवस पंचवीस मिनिटांच्या मेहनतीचा आणि नऊ-दहा तासांच्या गल्ल्याचा आहे. तालीम सुटली तेव्हा मेहनत गेली, भूक मात्र तशीच राहिली. तालमीतून बाहेर पडलेल्या कितीतरी जणांचं पोट याच वाटेनं सुटलेलं आपण पेठेपेठेत बघतो.

म्हणून सकाळचं दूध आणि बदाम ठेवा, पण ग्लास अर्धा करा आणि साय काढून घ्या. संध्याकाळचं दूध बंद. गंगावेशीत जायची, चार माणसांत उभं राहायची सवय मोडू नका, फक्त हातात ग्लास नको. आणि दादा, कच्चं दूध मी वजनाचा प्रश्न नसता तरी तुम्हाला पिऊ दिलं नसतं. जनावर वरून धडधाकट दिसलं तरी न तापवलेल्या दुधातून ब्रुसेलोसिससारखे ताप आणि क्षयसुद्धा माणसात येऊ शकतो. दूध प्यायचं ते उकळूनच.

दुकानातले चहा मोजा. कपात दोन चमचे साखर म्हणजे चाळीसेक कॅलरी, वर दूध. गिऱ्हाइकाला चहा पाजलाच पाहिजे, पण प्रत्येकाबरोबर तुम्ही प्यायलाच पाहिजे असं नाही. दिवसात तीन, तेही अर्धे आणि साखर निम्मी. रविवारच्या तांबड्या-पांढऱ्याला माझी ना नाही. मटणाचे तुकडे पोटभर खा, त्यातली प्रथिनं तुम्हाला हवीच आहेत. वाटीवरचा तवंग मात्र पळीनं बाजूला काढा आणि रस्सा तीन-तीन वाट्या पिऊ नका. मिसळीच्या कटाचंही तेच. तेलाच्या एका मोठ्या चमच्यात सव्वाशेच्या आसपास कॅलरी असतात, म्हणजे तुमच्या एका पहाटेची जवळजवळ सगळी कमाई. रात्री दुकान बंद करून दहाला जेवायला बसत असाल, तर संध्याकाळी सातला दुकानातच फुटाणे किंवा मोडाच्या मटकीची वाटी खा. घरी भुकेनं खवळून पोचलं की तिसरी भाकरी कधी संपते ते कळत नाही.

एवढ्यानं रोजच्या चारशे-साडेचारशे कॅलरी सहज कमी होतात. मशीन चालू ठेवलं की आठवड्याला तीनशे-चारशे ग्रॅम उतरायला लागेल. पुढं पुढं हा वेग मंदावतो, कारण हलक्या शरीराला लागतंच कमी, आणि कागदावरचं गणित शरीर तंतोतंत पाळत नाही. पण दिशा बदलायची नाही.

काट्यावर रोज उभे राहत असाल तर रोजच्या आकड्यानं जीव वर-खाली करू नका. मीठ, पाणी, आदल्या रात्रीचं जेवण, एवढ्यावर वजन किलो-दीड किलो इकडं-तिकडं होतं. पावसाळ्यात आपण राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची पातळी बघतो ना, तसं बघा : ३९ फूट झाले की ३९ फूट चार इंच याहून महत्त्वाचं असतं पाणी चढतंय की उतरतंय. आठवड्यातल्या एका ठरावीक सकाळी, शौचाला जाऊन आल्यावर, अनशापोटी वजन करा आणि चार आठवड्यांचे आकडे शेजारी शेजारी ठेवा. त्याहून चांगली खूण म्हणजे पोटाचा घेर. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, पोट आत न ओढता, टेप धरा. आपल्याकडच्या पुरुषांसाठी ९० सेंटिमीटरच्या वर घेर गेला की मधुमेह आणि हृदयविकाराचा धोका वाढतो. मशीनवर पोट आवळलं म्हणून पोटाचीच चरबी जात नाही, ती सगळ्या अंगावरून शरीराच्या मर्जीनं जाते. पण पुरुषांत पोटाची बऱ्यापैकी लवकर हलायला लागते, आणि कित्येकदा काट्याच्या आधी टेपला कळतं.

आता कमरेचं. ते मला वजनाहून महत्त्वाचं वाटतं, कारण कंबर गेली तर सगळंच बसेल.

पहिलं कारण वेळ. रात्रभर आडवं पडल्यावर मणक्यांमधल्या चकत्या पाणी धरून फुगलेल्या असतात. उठल्यावर पहिला अर्धा-पाऊण तास पुढं वाकून जोर लावणं कमरेला सगळ्यात महाग पडतं. तुम्ही नेमकं तेव्हाच करताय. पाचलाच उठा, पण तोंड धुवा, घरात हिंडा, गच्चीवर फेऱ्या मारा, दुकानाची वही बघायची असेल तर उभ्यानं बघा. मशीनवर पावणेसहाला बसा.

दुसरं कारण ओढायची पद्धत. पत्रात लिहिलं नसलं तरी नॉब बारावर ठेवणारा माणूस कसा ओढत असणार याचा मला अंदाज आहे : पाठ मागं झोकून, खांद्यातून, दंडातून. वल्हवणं हा मुळात पायांचा व्यायाम आहे. आपल्या चांदवड तालुक्यातले दत्तू भोकनळ सैन्यात गेल्यावर वल्हवायला शिकले, २०१६ च्या रिओ ऑलिम्पिकला एकट्यानं होडी घेऊन उतरले आणि तेरावे आले. त्यांच्यासारख्या कुणाचीही शर्यत बाजूनं चित्रित केलेली बघा. आधी पाय पूर्ण रेटले जातात, तोवर हात दोरीसारखे सरळच असतात, पाठ शेवटी थोडी मागं येते आणि सगळ्यात शेवटी कोपरं वाकतात.

तुम्हाला हे समजायला सोपं जाईल, कारण बैठक तुमच्या अंगात आहे. बैठकीतून वर येताना मांड्यांनी उठता, पाठ आधी उचलत नाही. मशीनवर तीच बैठक आडवी काढायची. पुढं आलात की छाती मांड्यांजवळ, पाठ सरळ, वाक खुब्यातून. पोटामुळं फार पुढं जाता येणार नाही. जिथं पाठीला बाक यायला लागतो त्याच्या बोटभर अलीकडं थांबा, ओढ आखूड राहिली तर राहू दे. मग टाचांनी पाट्या ढकला. गुडघे जवळजवळ सरळ झाल्यावर धड किंचित मागं न्या, घड्याळात अकरा वाजल्यावर तासकाटा असतो तेवढंच, आणि हात छातीच्या खालच्या बरगडीकडं आणा. परतताना उलट क्रम : आधी हात सुटे, मग धड पुढं, मग गुडघे. मनात मोजा, ढकलताना ‘एक’, परतताना ‘दोन-तीन’. मिनिटाला वीस ते चोवीस ओढी झाल्या की पुष्कळ. बहुतेकांची कंबर परतीच्या घाईत दुखावते.

मुठी घट्ट आवळू नका, आणि श्वास कोंडू नका. तालमीत दम धरून जोर लावायची सवय लागलेली असते, ती इथं मोडा. ढकलताना श्वास सोडायचा. चाळिशी ओलांडलेल्या, वजन वाढलेल्या माणसानं दम कोंडून जड ओढलं की रक्तदाब त्या क्षणी झपाट्यानं चढतो. यावरून आठवलं, तुम्ही रक्तदाब आणि साखर शेवटची कधी तपासली ते पत्रात नाही. या आठवड्यात तपासून घ्या. करताना छातीत दाब, जबड्यात किंवा डाव्या हातात कळ, घेरी, असलं काहीही वाटलं तर तिथंच थांबा आणि दवाखाना गाठा. कमरेची कळ पायात उतरली, पायाला मुंग्या किंवा बधिरपणा आला, तर मशीन बंद ठेवून अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवा. लघवीवरचा ताबा सुटल्यासारखा वाटला तर त्याच तासाला दवाखान्यात जा.

नॉब बारावरून चारवर आणा, दोन्ही बाजूंचे. हे दोन्ही बाजूंचे मुद्दाम लिहिते आहे, कारण दोन पिस्टनच्या मशीनमध्ये एक बाजू जड आणि एक हलकी राहिली की प्रत्येक ओढीला कणा पिळतो आणि माणसाला पत्ताही लागत नाही. डोळे मिटून हळू ओढा, दोन्ही मुठी एकदम छातीशी येतायत का बघा. नॉब सारखे असूनही एक बाजू ढिली लागत असेल तर पिस्टनच्या दांड्यावरून पांढरं फडकं फिरवा. तेलाचा डाग आला तर सील गेलंय. पिस्टन दुरुस्त करायच्या नादी लागू नका, विकणाऱ्याकडून जोडीनं नवे मागवा.

स्वस्त मशीनची खरी मर्यादा इथं आहे, आणि तुमचा मुलगा तेवढ्यापुरता बरोबर आहे. पिस्टनमध्ये तेल असतं. पंधरा-वीस मिनिटं सलग ओढलं की ते तापतं, पातळ होतं आणि तोच नॉब हलका लागायला लागतो. शेवटच्या पाच मिनिटांत तुम्हाला ताकद वाढल्यासारखं वाटत असेल तर ते यामुळं. पिस्टनजवळ हाताची मागची बाजू नेऊन बघा, धग लागेल. धरू नका, चटका बसतो. म्हणून सलग पंचवीस मिनिटांऐवजी आठ-आठ मिनिटांचे तीन डाव करा, मध्ये तीन-चार मिनिटं खोलीत चाला. पिस्टनही निवतो, कंबरही सुटते.

पावसाळी दमटपणात बोल्टांना गंज धरतो, तेवढे महिन्यातून एकदा आवळा. सीट ज्या पट्टीवरून सरकते ती रोज कोरड्या फडक्यानं पुसा, तिथं तेल लावू नका, धूळ चिकटून चाकं झिजतात. चाकं किंवा त्यांची बेअरिंग गेलीच, तर कोल्हापूरकराला काळजीचं कारण नाही. काढून शिवाजी उद्यमनगरात न्या, सांध्यांची बुशं लेथवर करून देणारी माणसं तिथं आहेत. आणि मशीनच्या खोक्यावर किती किलोचा माणूस चालतो ते लिहिलेलं असतं, तेवढं बघून घ्या. या किमतीतली बरीच मशीनं शंभर ते एकशेवीस किलोंसाठी असतात आणि तुम्ही काठावर आहात.

पहिले दोन आठवडे आठवड्यातले चारच दिवस, नॉब चारवर, बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही एवढ्याच दमानं. कंबर गप्प बसली तर पाच दिवस आणि चार डाव करा. उरलेल्या दिवसांतले दोन दिवस जोर मारा, हो, तालमीतलेच. मशीनवर सगळं ओढणं आहे, ढकलायचं काम छाती-दंडाला मिळतच नाही. जोर ती उणीव भरून काढतात. जमिनीवर जड जात असतील तर आधी भिंतीला, मग ओट्याला हात टेकून. वजन उतरताना चरबीबरोबर स्नायूही जातात, ते राखायला हे लागतंच. पाऊस ओसरला की रंकाळ्याची फेरीही पुन्हा धरा, मशीन आहे म्हणून ती सोडू नका.

जिम लावायला हरकत काहीच नाही, पण खुराक अशीच राहिली तर जिममध्येही हेच होईल, फक्त पैसे जास्त जातील. मशीन बदलायचं तर सहा महिने हे नेमानं झाल्यावर बदला, आणि तेव्हा मधोमध एकच हँडल आणि पट्टा असलेलं, चुंबकाच्या अडथळ्याचं घ्या. त्याला किंमत जास्त पडते, पण ते तापून हलकं होत नाही आणि आवाज फार करत नाही. नेटानं शोधलंत तर वापरलेलंही मिळतं, कारण हौसेनं घेऊन वर्षभरात कपडे वाळत घालायला लावलेली मशीनं घरोघरी असतात.

वहिनींचं. रोइंगमध्ये अंगाचा भार सीटवर असतो, त्यामुळं जिने चढण्यापेक्षा गुडघ्याला ते पुष्कळदा सोसतं. त्रास होतो तो गुडघा फार दुमडल्यावर. सीट जिथवर पुढं आली की कळ येते, त्याच्या अलीकडं पट्टीवर चिकटपट्टीची खूण करा आणि त्या खुणेच्या पुढं त्यांनी यायचंच नाही. नॉब एकवर, पाच मिनिटं, बास. गुडघे पाट्यांवर आत झुकू द्यायचे नाहीत. खरी अडचण बसण्या-उठण्याची आहे, कारण ही मशीनं जमिनीपासून वीतभरच उंच असतात. शेजारी जड खुर्ची ठेवा, तिला धरून बसायचं आणि उठायचं, आणि पहिले काही दिवस तुम्ही जवळ उभे राहा. दुसऱ्या दिवशी गुडघा सुजला किंवा गरम लागला तर त्यांनी मशीन करू नये, आधी गुडघा डॉक्टरांना दाखवावा.